सांजचा घास

नर्मदाबाईंनी गव्हाणीत हात घातला आणि कडब्याच्या खालून लाडू बाहेर काढला. अख्खा होता, दातसुद्धा न लागलेला. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, गूळ चिरून, वर तुपाची धार धरून त्यांनी सोमवारी लाडू वळले होते, आणि रोज दिवेलागणीला एकेक लाडू स्वतःच्या हातानं सुनेच्या हातावर ठेवत होत्या. कालचा हा इथं निघाला. परवाच्या आणि तेरवाच्या लाडवाचं काय झालं ते म्हशीच्या नाकावरचा गुळाचा चिकटा सांगतच होता.

"तुजं काय चुकलं म्हना," नर्मदाबाई म्हशीला म्हणाल्या, "आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय."

म्हशीनं कान हलवला. नर्मदाबाईंनी लाडू पदरानं पुसला, मुठीत धरला आणि तरातरा स्वयंपाकघरात आल्या. कावेरी चुलीपाशी बसून करडईची भाजी निवडत होती. सहावा महिना सरत आलेला, पण पाठीमागून बघितलं तर पोरगी गरोदर आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. मानेची हाडं वर आली होती आणि बांगड्या कोपरापर्यंत सहज चढत होत्या.

"कालचा लाडू खाल्लास का गं?"

"खाल्ला की, आत्याबाई."

"गोड झाला व्हता का?"

"लय."

नर्मदाबाईंनी मूठ उघडून लाडू तिच्या पुढ्यातल्या सुपात ठेवला. कावेरीचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही.

"कामून असं करायलीस? माज्या हाताला चव न्हाई का? का मी इख घालायले तुला?"

"न्हाई, आत्याबाई."

"मंग बोल की! तोंडाला टाका घातलाय का?"

कावेरीनं पुन्हा भाजी निवडायला घेतली, पिवळं पान बाजूला, हिरवं पान टोपलीत. उलटून बोलली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द इकडून, चार तिकडून, मन तरी मोकळं झालं असतं. पण ह्या पोरीचं गप्प बसणं म्हणजे नुसती पालथ्या घड्यावर पाण्याची गत. नर्मदाबाईंनी लाडू उचलला आणि तिथंच उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकला. शेंगदाण्यांवरचा जीव म्हणा, नाहीतर राग म्हणा.

घरात माणसं तीनच. नर्मदाबाई, त्यांचा लेक सिताराम आणि सून कावेरी. मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती. नर्मदाबाई खाणाऱ्या बाई होत्या आणि खाऊ घालणाऱ्याही होत्या. त्यांच्या घरून कुणी कोरड्या तोंडानं गेलं असं गावात कुणाला आठवत नव्हतं. आणि नेमकी त्यांच्याच घरात अशी सून यावी, हे नशीब नाही तर काय!

त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. दूध तापवून दिलं, तर कावेरी म्हणाली, दुधानं लेकराच्या अंगावर पांढरा चिकटा येतो. तिळाची चटणी दिली, तर तीळ गरम. जवस त्याहून गरम. वांगं केलं, तर लेकराला खरूज होते. सितारामानं जिंतूरच्या बाजारातून डझनभर केळी आणली, तर केळं पोटात चिकटून बसतं म्हणून ती टांगल्या जागी काळी पडली. हुरडा समोर आला की ती मूठभर घ्यायची आणि विचारायची, "आत्याबाई, ह्यानं पोट तर फुगत न्हाई ना?" बरं, एवढं होऊनही ती पोटभर जेवेल तर शपथ. पोट भरलं तर लेकराला जागा कुठून राहणार, म्हणे! आता पोट आणि कूस ह्या दोन जागा देवानं वेगळ्या केल्यात हे तिला सांगावं कुणी?

भीती कुठून आली होती ते मात्र नर्मदाबाईंना पक्कं माहीत होतं. दीड वर्षामागं, विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली झाल्या त्या साली, श्रावणात, गावंच्या गावं पेटली होती आणि एस्ट्या बंद पडल्या होत्या. त्यातच कावेरीला आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. सितारामानं बैलगाडी जुंपली. चिखलातून जिंतूर गाठेस्तोवर दिवस मावळला. मुलगी झाली, पण रडली नाही.

मग भेटायला बायका आल्या. शेजारची सरजाबाई म्हणाली, पोरीनं पपई खाल्ली असंल. दुसरी म्हणाली, बाजरी बाधली. तिसरीनं तर नागपंचमीच्या कानोल्यांतले तीळ मोजून काढले. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणला आणि ओटीत घातल्यासारखा त्या पोरीच्या पदरात टाकून गेली. एकीच्याही तोंडून निघालं नाही की बाई, एसटी बंद होती. नर्मदाबाईही तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता त्यांना वाटायचं, एकेकीला उंबऱ्यावरूनच वाटेला लावायला हवं होतं.

त्याच दिवशी दहा वाजता नर्सबाई आल्या. महिन्यातून एकदा त्या शाळेच्या ओसरीत वजनकाटा मांडून बसत. गावातल्या पाच-सहा पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, आया आणि काही काम नसलेली सरजाबाई, अशी जत्राच जमली होती. कावेरी चप्पल काढून काट्यावर उभी राहिली. नर्सबाईंनी काटा बघितला, हातातला कागद बघितला, पुन्हा काटा बघितला.

"त्रेचाळीस. अहो, मागच्या महिन्यातही त्रेचाळीसच होतं! सहावा संपत आला आणि सगळं मिळून दोन किलो वाढलंय. अशानं मूल अंग धरणार कसं?"

कावेरी काट्यावरून उतरली आणि चप्पल शोधू लागली.

"सासूबाई कोण आहेत हिच्या?"

"मी," नर्मदाबाई पुढं झाल्या.

नर्सबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. नर्मदाबाईंचं अंग भरलेलं होतं, दंडावरची चोळी तटतटलेली होती. ते बघणं नर्मदाबाईंना कळलं आणि ओसरीवरच्या सगळ्या बायांनाही कळलं.

"हिला जेवायला घालता की नाही?"

"अवो बाई, घालते की! लाडू करते, दूध देते, पर ही..."

"सगळ्या सासवा असंच सांगतात. सून सगळ्यांच्या मागून जेवते ना तुमच्याकडं? तेव्हा टोपल्यात उरतं काय, ते बघत जा. पुढच्या महिन्यात वजन वाढलं नाही तर मी परभणीच्या दवाखान्याची चिठ्ठी देणार. ह्या पोरीचं एक मूल गेलंय. दुसरं घालवायचंय का?"

सरजाबाईनं तोंडाला पदर लावला. पदराआड ती हसत होती की हळहळत होती, देव जाणे.

परतीच्या वाटेवर नर्मदाबाई पुढं आणि कावेरी दहा पावलं मागं. नर्मदाबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. उभ्या जन्मात कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. सुनेला उपाशी मारणारी सासू! चोर सोडून संन्याशाला फाशी! गावातल्या खरोखर उपाशी ठेवणाऱ्या सासवा तिथंच माना डोलवत उभ्या होत्या, आणि बोलणी खाल्ली कुणी, तर नर्मदाबाईंनी. पण चालता चालता रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं. दुसरं घालवायचंय का, असं ती बाई म्हणाली होती. त्या एकदम थांबल्या. कावेरीही थांबली.

"तू माज्यासंगं बराबरीनं चाल," त्या म्हणाल्या. "मागं मागं कामून यायलीस? मी काय खायलेय तुला?"

संध्याकाळी सिताराम जेवला आणि घोंगडी घेऊन ज्वारी राखायला शेतावर गेला. एरवी त्याच्यासोबतच नर्मदाबाईही जेवायच्या आणि ओसरीत अंग टाकायच्या. मागं सून एकटी जेवून, भांडी आवरून झोपायची. घराची रीतच होती ती, नर्मदाबाई सून होत्या तेव्हापासूनची. आज त्यांनी ती मोडली. कावेरीला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं ताट वाढलं. ज्वारीची गरम भाकरी, करडईची भाजी, वरण, वाटीभर दूध. गरम म्हणून तीळ नाही, जवस नाही, पोरीला ज्याची ज्याची धास्ती होती ते सगळं टाळलं होतं.

"हं. खा. माज्यासमोर खा. आज तू जेवल्याबिगर मी हितून उठत न्हाई."

कावेरी ताटाकडं बघत बसली.

"खा गं माय," नर्मदाबाईंनी सूर बदलला. "सकाळी लय बोलले मी. इसर ते. तुज्या लेकराला भूक लागली असंल का न्हाई? हे घे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि घास तिच्या तोंडाजवळ नेला. कावेरीनं तोंड फिरवलं. त्यांनी घास त्या बाजूला नेला. तिनं दात आवळले, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

"अगं, काय जीव घेतीस का माजा? हितं हात जोडते तुला. ह्यात काय गरम हाय? ह्यात काय चिकटतंय? काय हाय ह्या घासात, सांग तरी मला!"

"घासात काय न्हाई, आत्याबाई."

"मंग?"

"सांजचं नका म्हनू. दिसा मी खाते की. भीत भीत खाते, पर खाते. सांजचं तेवढं नका."

"सांजचं कामून न्हाई?"

कावेरीनं डोळे उघडले. त्यांत आश्चर्य होतं, अगदी खरंखुरं.

"तुमीच तर बोलल्या व्हत्या, सटवाईम्होरं."

नर्मदाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

"सव्वा महिन्यानं मला पाया पडाया नेलं व्हतं तुमी," कावेरी हळूहळू सांगू लागली. "नारळ फोडला, अन् म्हनल्या, आई, पुढलं लेकरू जितंजागतं पदरात पडस्तवर ह्या घरची बाई सांजचा घास तोंडात घालनार न्हाई. मी तुमच्या बाजूलाच हुबी व्हते."

नर्मदाबाईंना आठवेना. त्या दिवसांत त्यांनी किती देवांना काय काय कबूल केलं होतं त्याची मोजदाद नव्हती. खंडोबाला चांदीचे डोळे, पिराला चादर, महादेवाला अनवाणी पायानं अकरा सोमवार. हे सगळं त्यांनी फेडलंही होतं, किंवा फेडायच्या यादीत ठेवलं होतं. सटवाईसमोर उभं राहिल्याचं आठवत होतं. बोरीचं झाड, शेंदूर फासलेला धोंडा, नारळाचं पाणी हातावर उडालेलं, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. बोललेलं मात्र कुठंच सापडेना. उलट दुसरंच आठवलं. त्या दिवशी फार चालणं झालं म्हणून घरी आल्यावर त्यांना सडकून भूक लागली होती, आणि सांजच्याला त्या ठेच्यासोबत दोन भाकरी खाऊन झोपल्या होत्या.

"तवापून?" त्यांनी विचारलं.

कावेरीनं मान हलवली.

"दीड वरीस?"

"एक भाकर कमीच थापते मी. कुनाला कळत न्हाई."

नर्मदाबाईंनी घास ताटात ठेवला. दीड वर्ष ह्या घरात रोज संध्याकाळी चूल पेटली, भाकऱ्या भाजल्या गेल्या, आणि भाजणारी उपाशी झोपत होती. त्या पलीकडं ओसरीत ढेकर देत पडलेल्या असायच्या. गावभर मिरवत होत्या की आमच्या घरून कुणी कोरड्या तोंडानं जात नाही! लाज वाटली त्यांना, भयंकर लाज वाटली, आणि रागही आला. पण राग धरायचा कुणाचा? पोरीचा धरावा तर तिनं शब्द पाळला होता. देवीचा धरावा तर हिंमत नव्हती. नवस मोड, असं त्यांच्या तोंडून निघेना. तेवढा विश्वास त्यांचाही होता, आणि तेवढी भीती त्यांनाही होती.

"मी बी ह्या घरचीच बाई हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "मी बोलले, मीच धरते. आजपून सांजचं माजं बंद. तू जेव."

कावेरीनं ताट जरा पुढं सरकवलं. मग खाली बघून, अगदी हळू आवाजात, जराही टोचून न बोलता ती म्हणाली,

"तुमी इसरताल, आत्याबाई. मंग माज्या लेकराचं काय?"

त्या रात्री दोघींनी ताटावर ताट झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाबाईंनी नारळ घेतला आणि कावेरीला घेऊन गावाबाहेर निघाल्या. जिथं बोललं तिथंच ते फिरवायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. आज दोघी बरोबरीनं चालत होत्या. बोरीखाली सटवाईचा धोंडा होता तसाच होता. नर्मदाबाईंनी नारळ फोडला, हात जोडले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवीशी बोलताना त्यांची जीभ अडखळली.

"आई, बोलले मी अन् भरलं ह्या लेकरानं. माजं तोंड वाईट. आजपून लेकरू हाती येस्तवर सांजचा घास मी सोडला. मी, नर्मदाबाईनं. हिला मोकळं कर. हिनं आजवर धरलं तेवढं हिच्या नावावर राहू दे."

"दूध बी न्हाई," कावेरी बाजूनं हळूच म्हणाली. "मी दूध बी घेत नव्हते."

"दूध बी न्हाई," नर्मदाबाईंनी धोंड्याला सांगितलं.

दुपार टळली तेव्हाच त्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. नर्मदाबाईंचे उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा, रताळी, भगर, दाण्याची आमटी, सगळं साग्रसंगीत. पण अशी कोरडी संध्याकाळ त्यांनी कधी काढलीच नव्हती. बरं, स्वयंपाकही त्यांनीच हट्टानं हाती घेतला. भाकरी तव्यावर फुगली, तिचा वास आला. लसूण-मिरचीचा ठेचा खरपूस परतला, त्याचा वास आला. कावेरी दीड वर्ष ह्या चुलीपुढं कशी बसली असेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज राहिली नाही.

सिताराम जेवून शेतावर गेला. कावेरी पाटावर बसली. नर्मदाबाई समोर बसल्या, ताट न घेता. कावेरीनं तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि हातातच धरून ठेवला. तिची नजर सासूच्या हातांवर होती.

"मी झोपल्यावर..." ती म्हणाली आणि थांबली.

नर्मदाबाईंच्या ओठांवर आलं होतं, शपथ घेते गं माय. पण घेऊन काय उपयोग? शपथ घेणारं तोंड तेच होतं. त्यांनी ओठ मिटले, हात मांडीवर उताणे ठेवले आणि बसून राहिल्या. बल्बभोवती एक किडा घिरट्या घालत होता. वरणात बुडवलेला तुकडा मऊ पडून खाली गळायला आला.

तेवढ्यात नर्मदाबाईंच्या पोटात गुरगुरलं. साधंसुधं नाही, चांगलं लांबलचक, मांजर भांडल्यासारखं. त्यांनी घाईनं पोटावर पदर ओढला. बया, काय ही फजिती! पदराखालून ते पुन्हा गुरगुरलं.

कावेरीनं वर बघितलं. सासूच्या चेहऱ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग तिनं घास तोंडात घातला. तो तिला लवकर गिळवेना. ती चावत राहिली, चावत राहिली, शेवटी गिळला आणि श्वास सोडला. दुसरा घास लवकर गेला. तिसरा त्याहून लवकर. मग मात्र ती जेवू लागली, खाली मान घालून, भूक लागलेलं माणूस जेवतं तशी. एक भाकरी संपली. दूध उचललं, जराशी थबकली आणि पिऊन टाकलं.

"आत्याबाई," ती मान वर न करता म्हणाली, "ठेचा वाढता का वाईच?"

"तो गरम असतोय की गं."

"असू द्या."

नर्मदाबाईंनी दगडी खलातून बोटानंच ठेचा काढला आणि तिच्या भाकरीच्या कडेला लावला. कावेरीचं सगळं लक्ष ताटात होतं. ठेच्यानं माखलेलं बोट नर्मदाबाईंनी सवयीनं तोंडाकडं नेलं, ओठांपाशी क्षणभर थांबल्या, आणि पदराला पुसून टाकलं.